एकाच केबलवर आयपीएक्स आणि टीसीपी/आयपी : महाविद्यालयाच्या आवारातील जोडणीचा अनुभव

१९९६ साली आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात संगणकांची अनेक लहान जाळी होती आणि त्यांतले एकही दुसऱ्याशी जोडलेले नव्हते. लेखा विभाग, परीक्षा विभाग आणि ग्रंथालय यांचे संगणक जाळ्यावर फायली व छपाईची सेवा देणाऱ्या नेटवेअर ३.११ या प्रणालीच्या एका जुन्या सर्व्हरवर चालत. संगणक विभागाच्या नव्या प्रयोगशाळेत नेटवेअर ३.१२ चा सर्व्हर आला होता. इलेक्ट्रॉनिक्स विभागातील युनिक्स यंत्राला टीसीपी/आयपी हा इंटरनेटचा प्रोटोकॉल (संगणकांनी एकमेकांशी बोलण्याची नियमावली) हवा होता, यंत्र अभियांत्रिकीच्या कॅड प्रयोगशाळेतील विंडोज ९५ चे संगणक नेटबीईयूआय या लहान जाळ्यांच्या प्रोटोकॉलवरून आपापसांत फायलींची देवाणघेवाण करत, आणि प्रकाशन कक्षातील मॅकिंटॉश संगणक ॲपलटॉक या ॲपलच्या प्रोटोकॉलवर होते. मी संगणक केंद्रात सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काम पाहत होतो. प्राचार्यांची अपेक्षा त्यांनी एका वाक्यात सांगितली होती : विद्यार्थ्याला कोणत्याही प्रयोगशाळेतून ई-मेल पाहता आली पाहिजे आणि कार्यालयाचे एकही काम एक दिवसही थांबता कामा नये.

सगळ्यांना एकदम टीसीपी/आयपीवर आणावे, असे काही प्राध्यापकांचे मत होते आणि दिशेपुरते ते बरोबरच होते. शैक्षणिक व संशोधन संस्थांसाठी १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या जाळ्याच्या मुख्य मार्गावर प्रारंभी टीसीपी/आयपी आणि ओएसआय असे दोन्ही प्रोटोकॉल-संच चालत असत. १९९५ पर्यंत तेथील जवळपास सर्व वाहतूक टीसीपी/आयपीवर आली होती. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा पुढे काय टिकणार याबद्दल शंका उरली नव्हती. परंतु आमचे पगारपत्रक फॉक्सप्रोमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामवर निघत होते, ग्रंथालयाची सूची युनेस्कोच्या सीडीएस/आयसिस या प्रणालीत होती, आणि या दोन्हींच्या फायली ज्या सर्व्हरवर होत्या तो फाइल व छपाईची सेवा आयपीएक्स या नेटवेअरच्या प्रोटोकॉलवरूनच देत होता. ते बदलायचे तर प्रोग्राम, सर्व्हर आणि माणसांच्या सवयी हे सारे एका सुट्टीत बदलावे लागले असते. म्हणून मी असा आग्रह धरला की आधी सर्व प्रोटोकॉल एकाच केबलवर सुखाने नांदू द्यावेत आणि मग ज्याची गरज संपेल तो एकेक करून बंद करावा. या मताशी मी आजही ठाम आहे.

या आग्रहाला तांत्रिक आधार होता. इथरनेटला, म्हणजे केबलवरून माहिती नेण्याच्या पद्धतीला, आपण काय वाहून नेत आहोत याच्याशी देणेघेणे नसते. फ्रेमच्या, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या माहितीच्या पाकिटाच्या, सुरुवातीला पाठवायच्या ठिकाणाचा सहा बाइटचा पत्ता, त्यानंतर पाठवणाऱ्याचा तितकाच पत्ता, आणि मग दोन बाइटचे एक घर असते. त्या घरातील आकडा १५०० किंवा त्याहून कमी असेल तर तो मजकुराची लांबी सांगतो. १५३६ किंवा त्याहून अधिक असेल तर तो आतील प्रोटोकॉलची ओळख सांगतो. षोडशमान पद्धतीत (जिच्यात ० ते ९ आणि ए ते एफ असे सोळा अंक असतात) आयपीची ओळख ०८००, आयपी पत्त्यावरून कार्डाचा पत्ता शोधणाऱ्या एआरपीची ०८०६ आणि आयपीएक्सची ८१३७ आहे. प्रत्येक यंत्र आपल्या ओळखीची फ्रेम उचलते आणि बाकीच्या सोडून देते. तेव्हा प्रोटोकॉल केबलवर एकमेकांशी भांडत नाहीत. अडचण येते ती एकाच प्रोटोकॉलची दोन यंत्रे वेगवेगळ्या वेष्टनात बोलू लागली की, किंवा दोन जागांना एकच क्रमांक दिला गेला की. आमचे बहुतेक श्रम याच दोन गोष्टींवर खर्च झाले.

त्याआधी केबल तपासणे भाग होते. इमारतींत सर्वत्र बारीक कोॲक्सियल केबल होती. तिच्या एका तुकड्याची लांबी १८५ मीटरपेक्षा आणि त्यावरील संगणकांची संख्या ३० पेक्षा जास्त चालत नाही, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर लागतात. सगळे संगणक बंद करून एखाद्या टी-कनेक्टरवर मल्टिमीटर लावला की दोन्ही टर्मिनेटर मिळून सुमारे २५ ओहम दिसले पाहिजेत. ५० च्या आसपास आकडा आला की कोठेतरी टोक सुटलेले आहे असे समजावे. आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी ही तपासणी इतक्या चोखपणे केली की पुढे प्रोटोकॉलची अडचण कोणती आणि केबलची कोणती, याबद्दल गोंधळ उरला नाही. ज्यांना असे काम करायचे असेल त्यांनी हा टप्पा टाळू नये, कारण सैल कनेक्टरची लक्षणे आणि चुकीच्या जुळवणीची लक्षणे पडद्यावर अगदी सारखीच दिसतात.

पहिली खरी गाठ पडली ती फ्रेमच्या प्रकाराशी. जुना सर्व्हर आणि नवा सर्व्हर एका केबलवर आणल्यावर नव्या प्रयोगशाळेतील संगणकांना ‘एसलिस्ट’ ही सर्व्हरांची यादी दाखवणारी आज्ञा दिली की फक्त नवा सर्व्हर दिसे, आणि लेखा विभागातील संगणकांना फक्त जुना. ग्रंथालयातून हलवून नव्या प्रयोगशाळेत ठेवलेला एक संगणक तर नवा सर्व्हर शेजारच्या टेबलावर असूनही फाइल सर्व्हर सापडत नसल्याचा संदेश देत होता. सर्वांचा प्रोटोकॉल आयपीएक्सच होता, केबल ठीक होती, संगणकांना तिच्याशी जोडणारी कार्डे ठीक होती.

कारण असे की इथरनेटवर आयपीएक्स चार प्रकारच्या वेष्टनांतून, म्हणजे फ्रेममधून, जाऊ शकते. नेटवेअर ३.११ पर्यंत मूळ निवड ८०२.३ ही होती आणि १९९३ च्या ३.१२ पासून ती ८०२.२ करण्यात आली. ८०२.३ मध्ये लांबीच्या घरानंतर लगेच आयपीएक्सचे शीर्ष (हेडर) सुरू होते. मध्ये दुसरी कोणतीही ओळख नसते. ८०२.२ मध्ये तेथे आधी ई०, ई० आणि ०३ असे तीन बाइट येतात. तिसरा प्रकार इथरनेट-दोन, ज्यात ८१३७ हा आकडा येतो, आणि चौथा स्नॅप. लिनक्स घातलेल्या एका संगणकावर टीसीपीडम्प हा केबलवरील फ्रेम दाखवणारा प्रोग्राम चालवून मी या फ्रेम कागदावर उतरवून घेतल्या. जुन्या संगणकाच्या पहिल्याच हाकेत पाठवायच्या ठिकाणी सहा वेळा एफएफ, मग त्या कार्डाचा पत्ता, मग लांबी, आणि त्यापुढे लगेच एफएफ एफएफ असे दोन बाइट होते. आयपीएक्सच्या शीर्षाची सुरुवात तपासणी-बेरजेच्या घराने होते आणि ती वापरायची नसेल तेव्हा तेथे एफएफएफएफ भरतात. तेच हे दोन बाइट. नव्या संगणकाच्या फ्रेममध्ये त्याच जागी ई० ई० ०३ होते. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर प्रयोगशाळेतील मुलांनाही एका दृष्टिक्षेपात कळले की नवा सर्व्हर ती हाक का उचलत नाही. प्रोटोकॉल शिकवण्यासाठी याहून चांगले साधन मला आजवर सापडलेले नाही. पाठ्यपुस्तकातील थरांची आकृती मुले विसरतात, पण स्वतः उतरवलेले बाइट विसरत नाहीत.

उपाय सर्व्हरच्या बाजूने करायचा ठरला, कारण सर्व्हर दोनच होते आणि संगणक पुष्कळ. नेटवेअर ३.१२ मध्ये एकाच कार्डासाठी ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) पुन्हा लोड करता येतो. प्रत्येक वेळी वेगळा फ्रेम-प्रकार आणि वेगळे नाव द्यायचे असते. आम्ही सर्व्हर सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ऑटोएक्झेक डॉट एनसीएफ या फायलीत त्याच कार्डाच्या तीन ओळी लिहिल्या : ८०२.३, ८०२.२ आणि इथरनेट-दोन. पहिल्या दोन नावांना आयपीएक्स बांधले आणि तिसऱ्याला आयपी. आता नवा सर्व्हर एकाच तारेवर दोन आयपीएक्स जाळ्यांमधला राउटर झाला आणि जुन्या फ्रेममधून आलेले पॅकेट नव्या फ्रेममध्ये पोहोचवू लागला. टीसीपीआयपी हे मॉड्यूल ‘फॉरवर्ड इक्वल टू येस’ असे सांगून लोड केल्यावर तोच सर्व्हर दोन कार्डांमधला आयपीचा राउटरही झाला. युनिक्स यंत्र आणि प्रयोगशाळा यांच्यात पहिल्यांदा पिंग (पोहोच तपासणारी हाक) गेले ते या जुळवणीतून.

क्रमांकांचा प्रश्न त्यानंतर पुढे आला. आयपीएक्समध्ये प्रत्येक केबलला, आणि केबलवरच्या प्रत्येक फ्रेम-प्रकाराला, आठ षोडशमान अंकांचा स्वतंत्र क्रमांक लागतो. शिवाय प्रत्येक सर्व्हरच्या पोटात एक अंतर्गत क्रमांक असतो, आणि तो आवारातील इतर कोणत्याही क्रमांकाशी जुळता कामा नये. मात्र एकाच केबलवर एकाच फ्रेम-प्रकाराने बोलणाऱ्या सर्व सर्व्हरांनी त्या केबलला एकच क्रमांक मानला पाहिजे. जाळी सुटी असताना ज्याने त्याने आपल्या केबलला १ हा क्रमांक दिला होता, आणि सुट्या जाळ्यात त्याने काही बिघडतही नव्हते.

आम्ही आवाराचा नकाशा घेऊन बसलो आणि क्रमांकाची रीत ठरवली. पहिले दोन अंक इमारतीचे, पुढचे दोन केबलचे, शेवटचे फ्रेम-प्रकाराचे. तिसऱ्या इमारतीतील पहिल्या केबलवर ८०२.२ असेल तर ०३०१००२२, आणि तिथेच ८०२.३ असेल तर ०३०१००२३. आयपीसाठी बाहेरून मिळालेले पत्ते नव्हते, परंतु फेब्रुवारी १९९६ मध्येच खासगी जाळ्यांसाठी राखीव पत्त्यांचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला होता. त्यातील १० ने सुरू होणारा गट आम्ही घेतला आणि तीच रीत तेथे लावली : तिसरी इमारत, पहिली केबल, म्हणजे १०.३.१ ने सुरू होणारे पत्ते. दोन प्रोटोकॉलचे क्रमांक एकाच नकाशावरून निघाल्यामुळे पुढे कोणतीही तक्रार आली की इमारत आणि केबल तोंडपाठ सांगता येत असे.

नवे क्रमांक लागू केले त्याच दिवशी सर्व्हरचा कन्सोल वाजू लागला. ठरावीक वेळाने बीप होऊन पडद्यावर ओळ येई की राउटरची जुळवणी चुकीची आहे, अमुक पत्त्याचा राउटर या केबलचा क्रमांक ०००००००१ असल्याचा दावा करतो आणि तो ०१०२००२२ असायला हवा. आमच्या यादीतील सर्व सर्व्हर नव्या क्रमांकावर आले होते. ‘ट्रॅक ऑन’ ही आज्ञा दिल्यावर आत येणारी आणि बाहेर जाणारी राउटिंगची माहिती पडद्यावर दिसू लागते. त्यात तोच बारा अंकी कार्डाचा पत्ता दर मिनिटाला येत होता. केबल तपासताना सहायकांनी प्रत्येक कार्डाचा पत्ता वहीत लिहून ठेवला होता. तो पत्ता वहीत निघाला, आणि त्यापुढे स्थापत्य विभागाच्या एका साध्या संगणकाची नोंद होती. तेथील एका सहकाऱ्यांनी सुट्टीत त्याच संगणकावर चाचणीपुरता नेटवेअर सर्व्हर उभा केला होता. त्यांना बोलावून योग्य क्रमांक घातला आणि बीप थांबला. त्या वहीचे मोल मला तेव्हा समजले. पुढे कोणताही नवा संगणक वहीत नोंद झाल्याशिवाय केबलला जोडायचा नाही, असे परिपत्रक प्राचार्यांच्या सहीने निघाले.

डॉसच्या संगणकांवर अडचण होती ती स्मृतीची. पूर्वीचा आयपीएक्सचा ड्रायव्हर कार्ड पूर्णपणे आपल्या ताब्यात घेत असे, त्यामुळे दुसऱ्या प्रोटोकॉलला जागाच उरत नसे. ओडीआय या नव्या ड्रायव्हर-पद्धतीत मध्ये एलएसएल नावाचा थर असतो. खाली कार्डाचा ड्रायव्हर, वर आयपीएक्स आणि टीसीपी/आयपी, आणि कोणती फ्रेम कोणाकडे द्यायची ते एलएसएल ठरवते. नेट डॉट सीएफजी या फायलीत आम्ही ८०२.२ ची ओळ आधी आणि इथरनेट-दोनची नंतर लिहिली, म्हणजे आयपीएक्स पहिल्या प्रकाराला बांधले जाई आणि आयपी दुसऱ्याला. टेलनेटचा, म्हणजे दूरच्या यंत्रावर काम करण्याचा, जो प्रोग्राम आमच्याकडे होता त्याला पॅकेट ड्रायव्हर लागत असे, म्हणून ओडीआयच्या वर ओडीआयपीकेटी हा छोटा दुवा बसवला. हे सारे ६४० किलोबाइटच्या आत बसवून त्यावर कंपायलरही चालला पाहिजे, हे खरे कौशल्याचे काम होते. शक्य ते वरच्या स्मृतीत ढकलायचे, आणि आयपीएक्सओडीआय ‘ए’ या पर्यायाने चालवून एसपीएक्स हा जोड-प्रोटोकॉल आणि निदानाचा भाग वगळायचा, अशी तजवीज केली. पुष्कळ कार्डांवर इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधण्याची ओळ) ३ ठरवलेला होता आणि तोच दुसऱ्या सीरियल पोर्टचाही असतो, त्यामुळे जेथे माउस त्या पोर्टला होता तेथे कार्डावरील जंपर बदलावे लागले.

यातूनच एक नियम ठरला : ज्या संगणकाला ज्या प्रोटोकॉलची गरज नाही, तेथे तो घालायचा नाही. लेखा विभागाच्या अधीक्षकांनी तर आम्हाला दारातच सांगितले होते, “सर, पगारपत्रक निघेपर्यंत माझ्या एकाही मशीनला हात लावायचा नाही.” त्यांचे म्हणणे मला रास्त वाटले. त्यांच्या संगणकांना टीसीपी/आयपी नको होते आणि आम्ही ते घातलेही नाही. त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांच्या कामात काहीच बदलले नाही, आणि तेच अपेक्षित होते.

विंडोज ९५ ने वेगळा प्रश्न आणला. कार्ड बसवताच ते आयपीएक्स-सुसंगत प्रोटोकॉल आणि नेटबीईयूआय दोन्ही स्वतःहून घालत असे. आयपीएक्सच्या फ्रेम-प्रकाराची निवड ‘ऑटो’ असेल तर ते केबलवर काय ऐकू येते ते पाहून एकच प्रकार निवडते, आणि आमच्या केबलवर दोन प्रकार असल्यामुळे एका रांगेतील दोन संगणक दोन निरनिराळ्या निवडी करत. आम्ही सर्वत्र ८०२.२ पक्का केला. नेटबीईयूआय राउटरपलीकडे जात नाही आणि बरेचसे काम सर्वांना हाका मारूनच करते. कॅड प्रयोगशाळेत फायली वाटून घेण्याचे तेच काम टीसीपी/आयपीवरील नेटबायोसने होत असल्याने नेटबीईयूआय काढून टाकले. प्रकाशन कक्षातील मॅकिंटॉशसाठी लिनक्सवर नेटॲटॉक हे ॲपलटॉक बोलणारे सॉफ्टवेअर घातले आणि ते पहिल्या प्रयत्नात चालले. त्यांची वाहतूक स्नॅप फ्रेममधून जाते, त्यामुळे इतर कोणाशी तिची गाठ पडत नाही.

त्याच लिनक्स संगणकाला मोडेम जोडून डायल-अप खाते सुरू केले, टपालाचा सर्व्हर त्यावर उभा केला आणि वेबसाठी स्क्विड हा मध्यस्थ (प्रॉक्सी) प्रोग्राम बसवला. विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिक्स, संगणक आणि यंत्र अशा तिन्ही विभागांतून आपली ई-मेल दिसू लागली, तेव्हा मूळ अपेक्षा पूर्ण झाली. परंतु दोन फ्रेम-प्रकार कायम ठेवणे मला योग्य वाटत नव्हते. नेटवेअरचा प्रत्येक सर्व्हर दर ६० सेकंदांनी आपल्या ओळखीच्या सर्व सेवांची घोषणा करतो. एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त सात सेवा बसतात, आणि सर्व्हर दोन प्रकारांना बांधलेला असेल तर तीच यादी दोनदा जाते. राउटिंगची घोषणाही तशीच दर मिनिटाला होते. दहा मेगाबिटच्या केबलला हा भार जड नसतो, पण घोषणांनी भरलेल्या केबलवर दोष शोधणे मात्र कठीण होते. म्हणून लेखा व परीक्षा विभागातील संगणक त्यांच्या सवडीने, पगार आणि निकाल यांच्या तारखा सांभाळून, आम्ही ओडीआयवर आणि ८०२.२ वर आणले, जुन्या सर्व्हरवरही तोच प्रकार लोड केला, आणि शेवटी ८०२.३ ची ओळ दोन्ही सर्व्हरांवरून काढून टाकली.

त्यानंतर आयपीएक्सची पाळी होती. १९९८ च्या नेटवेअर ५ पासून फाइल सेवा थेट आयपीवर मिळू लागली होती, आणि पगारपत्रकाच्या प्रोग्राममध्ये वर्षासाठी दोनच अंक असल्याने २००० सालापूर्वी तो नव्याने लिहावाच लागला. तो नवा प्रोग्राम आम्ही आयपीवर चालेल असाच मागितला. ग्रंथालय सर्वांत शेवटी हलले. सर्व्हरांवरून आयपीएक्स सोडल्यावर मी पुन्हा टीसीपीडम्प लावला, आणि केबलवर दर मिनिटाला एक ८०२.२ ची घोषणा अजूनही येत होती. वहीत पत्ता पाहिला तेव्हा तो ग्रंथालयातील छपाई-सर्व्हरचा, पंक्ती-प्रिंटरला लावलेल्या एका छोट्या डबीचा निघाला. त्या डबीला आयपीएक्सशिवाय दुसरे काही येत नव्हते. प्रिंटर उत्तम स्थितीत होता, म्हणून तो शेजारच्या संगणकाच्या समांतर पोर्टला जोडून आयपीवरून सर्वांना उपलब्ध करून दिला, डबी काढून घेतली आणि वहीतील तिच्या नोंदीपुढे तारीख घातली.